साध्यासाध्यतेची मृत्तिकापट्टे

रुग्णगृही जाताना वैद्यास वाटेत दिसणारी शुभाशुभ लक्षणे चरकसंहितेत इंद्रियस्थानाच्या १२ व्या अध्यायात सांगितली आहेत. इ.स.पूर्व ११ व्या शतकात बॅबिलोनियात एसागिल-किन-अप्ली याने कीलाकार लिपीत संकलित केलेल्या ‘साकिक्कू’ या ४० मृत्तिकापट्टांच्या निदानग्रंथाचा आरंभही त्याच विषयाने होतो. वाटेत काळे डुक्कर दिसल्यास रुग्ण असाध्य! त्यानंतर मात्र शिरापासून पायांपर्यंत प्रत्यक्ष लक्षणे व साध्यासाध्यता येते.

पुढे ती लिपी वाचणारी परंपराच लोपली आणि १९ व्या शतकापर्यंत ते पट्ट मूक राहिले. आपल्या संहिता अखंड अध्ययनाने टिकल्या.

परंतु खोपट येथील माझ्या चिकित्सालयात असाध्य म्हणून परत पाठविलेले किती रुग्ण पुढे बरे झाले, याची नोंद मी ठेवली नाही. वैद्यबंधूंनो, आपण ती अवश्य ठेवावी.