आधी रक्तवाहिन्या, मग जाडी

भाजलेल्यांसाठी सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. पण दान केलेली त्वचा म्हणजे तात्पुरतं झाकण. कायमच्या उपायासाठी संशोधक बर्क आणि यान्नास यांनी १९८१ मध्ये कोलॅजनचा सच्छिद्र साचा वापरून दाखवला. त्यात रुग्णाच्या रक्तवाहिन्या शिरायला दोनतीन आठवडे लागतात, आणि खरी गोम इथेच आहे: केशवाहिनीपासून साधारण ०.२ मिलिमीटरपलीकडच्या पेशीला प्राणवायू पुरत नाही. मग व्हीईजीएफ हे वाहिन्या वाढवणारं प्रथिन भरपूर घाला, असं कुणी म्हणेल. पण एकदम जास्त दिलं तर वाहिन्या गळक्या, वेड्यावाकड्या होतात. म्हणून माझ्या मते आधी एकमेकांना जोडलेली छिद्रं हवीत, मग हळूहळू झिरपणारं प्रथिन. यात वेळ जातो आणि तेवढ्यात संसर्गाला वाव मिळतो, हा आक्षेप रास्तच. तरी साचा नुसता जाड करून आत उपाशी पेशी कोंडण्यात काय हशील?