राज्य मोडायचा अधिकार कोणाचा?

वाचकहो, संघराज्य कोणते आणि एकात्म राज्य कोणते, हे ओळखायचे तर एवढेच विचारा: वरच्या सरकारला खालचे सरकार मोडता येते का? एकात्म पद्धतीच्या ब्रिटनमध्ये पार्लमेंटने कायदा केला आणि १९८६ मध्ये बृहन्‌लंडनचे निवडून आलेले कौन्सिलच संपले. अमेरिकेत मात्र राज्याच्या विधिमंडळाच्या संमतीवाचून त्याचे तुकडे पाडता येत नाहीत.

आणि आपण? आपली घटना संघराज्याची खरी. पण तिच्या तिसऱ्या कलमान्वये संसद साध्या बहुमताने राज्यांच्या सीमा बदलू शकते. विधानसभेचे मत मागवावे लागते, ते मानलेच पाहिजे असे नाही. १९६० मध्ये मुंबई राज्य दुभंगून आपला महाराष्ट्र झाला, तो याच कलमाने. २०१४ मध्ये आंध्र विधानसभेने विधेयक फेटाळले, तरी तेलंगण झाले, तेही याच कलमाने!