ऊलाँग चहा : निर्मितिप्रक्रिया, प्रकार आणि आस्वाद

प्रस्तावना :

महाराष्ट्रात 'चहा' या शब्दाने दूध, साखर व आले किंवा वेलदोडा घालून उकळलेल्या तपकिरी पेयाचा बोध होतो. या पेयाचा पाया असलेली दाणेदार चहापूड 'सीटीसी' पद्धतीने तयार होते. चुरडणे, फाडणे आणि वळणे या तीन क्रिया एकाच यंत्रात साधणारी ही पद्धत 1930 च्या सुमारास विल्यम मॅकर्चर यांनी आसामात विकसित केली. भारतातील बहुतांश चहा आज याच पद्धतीने तयार होतो. लवकर उतरणारा रंग आणि दुधातही टिकणारा कडकपणा हे तिचे गुण होत. तथापि पानाचा आकार आणि त्यातील सूक्ष्म सुगंध या प्रक्रियेत मोठ्या प्रमाणावर लोपतात. त्यामुळे चहाच्या पानाला जाईजुईचा, पिकलेल्या फळाचा, मधाचा किंवा भाजलेल्या धान्याचा गंध असू शकतो, आणि तोही वरून काहीही न मिसळता, ही गोष्ट अनेकांना अपरिचित राहते.

अलीकडील काळात शहरी बाजारपेठेत हिरवा, पांढरा व ऊलाँग असे चहाचे विविध प्रकार उपलब्ध होऊ लागले आहेत. मात्र नावे वाढली तरी त्यांमागील भेद स्पष्ट झालेला नाही. हिरवा व काळा या दोन टोकांच्या मधला असलेला ऊलाँग हा वर्ग समजून घेतला, तर सर्वच चहांतील भेदाचे सूत्र हाती येते. प्रस्तुत लेखात ऊलाँगची निर्मितिप्रक्रिया, प्रमुख प्रकार, अन्य चहांशी असलेले त्याचे नाते आणि आस्वादाची पद्धत यांचे विवेचन केले आहे.

एक वनस्पती, अनेक चहा :

हिरवा, पांढरा, ऊलाँग आणि काळा या सर्व चहांची वनस्पती एकच आहे. तिचे शास्त्रीय नाव 'कॅमेलिया सायनेन्सिस' असे असून तिचे लहान पानांचा चिनी आणि मोठ्या पानांचा आसामी असे दोन प्रमुख प्रकार आहेत. मराठीत ज्याला 'गवती चहा' म्हणतात, तो या वनस्पतीशी संबंधित नसून ते एक सुगंधी गवत आहे.

चिनी कृषिशास्त्रज्ञ छन छुआन यांनी 1979 मध्ये निर्मितिप्रक्रियेच्या आधारे चहाचे सहा वर्ग मांडले : हिरवा, पिवळा, गडद, पांढरा, ऊलाँग आणि काळा. चीनमध्ये काळ्या चहाला 'लाल चहा' म्हणतात. या वर्गीकरणाचा विशेष असा की, त्यात झाडाची जात, प्रदेश किंवा पेयाचा रंग हे निकष गौण ठरतात. पान खुडल्यानंतर त्याचे काय केले, हा निकष मुख्य ठरतो.

येथे एका शब्दाविषयी स्पष्टीकरण आवश्यक आहे. मराठी ग्रंथांत काळ्या चहाच्या प्रक्रियेला 'किण्वन' किंवा 'आंबविणे' असे म्हणण्याचा प्रघात आहे. वास्तविक या प्रक्रियेत सूक्ष्मजीवांचा सहभाग गौण असतो. पानाच्या पेशी फुटल्या की पानातीलच 'पॉलिफिनॉल ऑक्सिडेज' नावाचे विकर कॅटेचिन या द्रव्यांच्या संपर्कात येते आणि हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने त्यांचे रूपांतर थिआफ्लेविन व थिआरुबिजिन या रंगद्रव्यांत होते. कापलेले सफरचंद तपकिरी पडते, तशीच ही क्रिया आहे. म्हणून तिला ऑक्सिडीकरण म्हणणे अधिक योग्य ठरते. सूक्ष्मजीवांमुळे होणारे खरे किण्वन 'गडद' वर्गातील चहांत आढळते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

मिंग राजवटीचा संस्थापक सम्राट होंगवू याने 1391 मध्ये नजराणा म्हणून वड्यांच्या स्वरूपात दाबलेला चहा घेणे बंद केले आणि सुट्या पानांच्या चहाला उत्तेजन मिळाले. पुढे चीनच्या आग्नेय किनाऱ्यावरील फुजियान प्रांतात, वूयी पर्वताच्या परिसरात, पाने उन्हात पसरून, हलवून, नंतर कढईत परतून व निखाऱ्यावर शेकून चहा करण्याची रीत रूढ झाली. लू तिंगत्सान यांच्या 1734 मधील ग्रंथात उद्धृत झालेल्या एका जुन्या टिपणात या रीतीचे वर्णन आढळते. तयार पान काही भागात हिरवे तर काही भागात लाल दिसते, असे त्यात नोंदविले आहे. ऊलाँगचे हे लक्षण आजही ओळखीची खूण मानले जाते.

'ऊलाँग' या चिनी शब्दाचा अर्थ 'काळा ड्रॅगन' असा होतो. या नावाविषयी अनेक आख्यायिका प्रचलित आहेत; काळपट, पिळदार पानांच्या रूपावरून ते आले असावे, हे स्पष्टीकरण त्यांतल्या त्यात स्वाभाविक वाटते. भाषेच्या दृष्टीनेही फुजियानचे महत्त्व आहे. चहासाठीचे चिनी चिन्ह एकच असले, तरी दक्षिण फुजियानच्या बोलीत त्याचा उच्चार 'ते' असा होतो आणि अन्यत्र 'छा' असा होतो. पहिल्यातून इंग्रजीतील 'टी' आला, तर मराठीतील 'चहा' दुसऱ्याच्या कुळातील आहे.

निर्मितिप्रक्रिया :

उत्तम हिरव्या चहासाठी कोवळी कळी खुडतात. बहुतेक ऊलाँग चहांसाठी मात्र फांदीची वाढ काहीशी पूर्ण होऊ देतात आणि उमललेली तीन-चार पाने देठासह खुडतात. अशा पानांत सुगंधाची पूर्वद्रव्ये पुरेशी असतात आणि पुढील हाताळणी सोसण्याइतकी ती चिवटही असतात.

प्रक्रियेचे टप्पे पुढीलप्रमाणे आहेत. प्रथम पाने सौम्य उन्हात पसरून कोमेजवितात. नंतर ती सावलीत वेताच्या सुपांत ठेवून ठरावीक अंतराने हलवितात. या हलविण्याने पानांच्या कडा दुखावतात व तेवढ्याच भागात ऑक्सिडीकरण सुरू होते. मधला भाग हिरवा राहतो. हलविणे व विसावा देणे हे चक्र अनेक तास, बहुधा रात्रभर, चालते. इच्छित गंध येताच पाने तापलेल्या कढईत परततात. उष्णतेने विकर निष्क्रिय होते व ऑक्सिडीकरण थांबते. त्यानंतर पाने वळतात, वाळवितात आणि प्रकारानुसार मंद आचेवर शेकतात.

यातील हलविण्याचा टप्पा ऊलाँगचा प्राण होय. खुडलेले पान लगेच मृत होत नाही. जखम व पाण्याची कमतरता यांना ते जिवंत ऊतीप्रमाणे प्रतिसाद देते आणि त्या प्रतिसादात नेरोलिडॉल, इंडोल, जॅस्मिन लॅक्टोन यांसारखी बाष्पशील द्रव्ये निर्माण होतात. फुलांची आठवण करून देणारा गंध त्यांतून येतो. पान किती हलवावे, याचा कोणताही पक्का आकडा नाही. त्या दिवशीचे ऊन, हवेतील दमटपणा, पानाची जाडी आणि झाडाची जात यांनुसार तो बदलतो. म्हणून पान पाहून, हाताने चाचपून व वास घेऊन निर्णय करणारा कारागीर या प्रक्रियेत केंद्रस्थानी असतो. ऊलाँग '30 टक्के' किंवा '60 टक्के' ऑक्सिडीकृत असल्याचे आकडे वेष्टनांवर आढळतात. ते बहुधा स्थूल अंदाज असतात, हे लक्षात घ्यावे.

प्रमुख प्रकार :

उत्तर फुजियान : वूयी पर्वतातील खडकाळ दऱ्यांत वाढणाऱ्या चहाला 'खडकचहा' म्हणतात. त्याची पाने लांबट व पिळदार असून ती चांगली शेकलेली असतात. दा होंग पाओ, रोउग्वी व श्वेइश्येन ही त्यातील प्रसिद्ध नावे होत. रोउग्वीमध्ये दालचिनीसारखा तिखट गंध जाणवतो. दा होंग पाओची मूळ झाडे म्हणून कड्यावरील सहा झुडपे जतन केली असून 2006 पासून त्यांची खुडणी बंद आहे. त्यामुळे बाजारात या नावाने मिळणारा चहा कलमांपासून वाढविलेल्या झाडांचा किंवा वूयीतील विविध चहांचे मिश्रण असतो. यात फसवणूक आहेच असे नाही. मात्र खरेदीदाराला ही वस्तुस्थिती ठाऊक असावी.

दक्षिण फुजियान : आन्शी परगण्यातील तिएग्वानयिन हा गोळीसारखा वळलेला चहा आहे. पूर्वी तो मध्यम ऑक्सिडीकृत व शेकलेला असे. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून हिरवट, फुलांच्या गंधाचा व अत्यल्प शेकलेला प्रकार लोकप्रिय झाला. आन्शीच्या चहापद्धतीला 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जागतिक महत्त्वाच्या कृषिवारशात स्थान दिले.

ग्वांगडोंग : छाओझोऊजवळील फेंगह्वांग पर्वतातील 'दानत्सोंग' चहांची नावे गंधांवरून पडली आहेत. 'मध-ऑर्किड' हे त्यातील एक. दुसऱ्या एका उत्कृष्ट चहाचे नाव 'बदकाच्या विष्ठेचा गंध' असे आहे. आपल्या झाडाचे गुपित कळू नये म्हणून शेतकऱ्याने ते मुद्दाम ठेवल्याची कथा सांगितली जाते. पेयाचा गंध मात्र फुलांचा असतो.

तैवान : 1869 मध्ये इंग्रज व्यापारी जॉन डॉड आणि त्यांचे सहकारी ली छुन-शेंग यांनी सुमारे सव्वाशे टन तैवानी ऊलाँग थेट न्यूयॉर्कला पाठविला आणि या बेटाचे नाव जगाच्या बाजारात पोहोचले. पाओचोंग हा तेथील सर्वांत हलका, तर डोंगडिंग हा मध्यम शेकलेला प्रकार होय. अलीशान, लिशान इत्यादी 1000 मीटरहून उंच भागांतील चहा 'उच्च पर्वतीय' म्हणून ओळखले जातात. 1981 मध्ये प्रसारित झालेल्या जिनश्वान या वाणाला सौम्य सायीसारखी चव असते. 'मिल्क ऊलाँग' या नावाने विकल्या जाणाऱ्या अनेक चहांत मात्र हा गंध कृत्रिमरीत्या मिसळलेला असतो.

तैवानचा 'पौर्वात्य सौंदर्य' हा चहा स्वतंत्र उल्लेखास पात्र आहे. उन्हाळ्यात हिरवे तुडतुडे कोवळ्या पानांतील रस शोषतात. या हल्ल्याला उत्तर म्हणून झाड जी बाष्पशील द्रव्ये निर्माण करते, त्यांतून मध व पिकलेल्या फळाचा गंध येतो. अन्यत्र जी कीड नुकसानकारक मानली जाते, तीच येथे मूल्य निर्माण करते. म्हणून त्या काळात मळ्यावर कीटकनाशक फवारता येत नाही आणि उत्पादन घटते.

अन्य चहांशी नाते :

हिरव्या चहात पान खुडल्यावर लवकरच उष्णता देऊन ऑक्सिडीकरण रोखतात. चीनमध्ये त्यासाठी प्रामुख्याने कढई, तर जपानमध्ये वाफ वापरतात. पांढऱ्या चहात पान फक्त कोमेजवून वाळवितात. काळ्या चहात ऑक्सिडीकरण पूर्णत्वाकडे नेतात. युनान प्रांतातील 'पू-अर' चहात सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने पान मुरते.

भारताच्या दृष्टीने दार्जिलिंगचे उदाहरण उद्बोधक आहे. 2004 मध्ये भारतातील पहिले भौगोलिक निर्देशन मिळालेला हा चहा मुख्यतः चिनी जातीच्या झाडांपासून होतो. त्याची वसंतातील पहिली खुडणी काळ्या चहात गणली जाते. परंतु पाने फार कोमेजविल्यामुळे ऑक्सिडीकरण अपुरे राहते व पान हिरवट दिसते. दुसऱ्या खुडणीतील प्रसिद्ध द्राक्षगंधामागेही तुडतुड्यांचा वाटा आहे. म्हणजेच 'पौर्वात्य सौंदर्य' आवडलेल्या रसिकाला त्याचा आप्त भारतातच भेटू शकतो. दार्जिलिंगमध्ये ऊलाँगही तयार होतो.

आस्वादाची पद्धत :

ऊलाँगसाठी छाओझोऊ व दक्षिण फुजियानमध्ये विकसित झालेली 'गोंगफू' पद्धत सर्वाधिक उपयुक्त ठरते. सुमारे 100 मिलिलिटरच्या झाकणवाटीत किंवा लहान किटलीत 5 ते 7 ग्रॅम पाने घेऊन त्यांवर 90 ते 100 अंश सेल्सिअसचे पाणी ओततात आणि 15 ते 30 सेकंदांत पेय गाळून घेतात. त्याच पानांवर सहा-सात वेळा पाणी घालता येते व प्रत्येक वेळी काळ थोडा वाढवितात. पहिल्या पेल्यात शेकल्याचा, मधल्या पेल्यांत फुलांचा व अखेरीस केवळ गोडव्याचा प्रत्यय येतो. अशी भांडी नसल्यास 2 ते 3 ग्रॅम पाने पेलाभर पाण्यात तीन-चार मिनिटे ठेवूनही चहा करता येतो. दूध व साखर टाळावी, कारण त्यांखाली हे गंध झाकले जातात.

नवशिक्याने एकाच वेळी पाओचोंग, डोंगडिंग व एखादा खडकचहा असे तीन चहा समान प्रमाणात व समान काळ ठेवून शेजारी शेजारी चाखावेत. शेवटी भिजलेले पान उलगडून पाहावे. कडेचा लालसरपणा, देठाची लांबी आणि पानाचा अखंडपणा यांतून वेष्टनापेक्षा अधिक विश्वासार्ह माहिती मिळते. ऊलाँगमध्ये कॅफीन असते, याचे भान ठेवावे. वजन घटविणारे औषध म्हणून त्याची होणारी जाहिरात उपलब्ध पुराव्यांच्या पलीकडे जाणारी आहे.

समारोप :

चीनच्या पारंपरिक चहानिर्मितीतील कौशल्ये व त्यांच्याशी निगडित प्रथांचा 2022 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. परंतु अशी नोंद झाल्याने कौशल्य आपोआप टिकत नाही. तिएग्वानयिनचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ग्राहकांनी हिरवट व तत्काळ सुगंध देणाऱ्या चहाला पसंती दिली, तेव्हा निर्मातेही तिकडे वळले आणि मंद आचेवर चहा शेकण्याची जुनी रीत मागे पडली. पुढे शेकलेल्या चहाची मागणी पुन्हा वाढू लागली, तेव्हा ही रीत जपून ठेवणाऱ्या कारागिरांचे मोल कळले. ज्या चवीला जाणकार उरत नाही, ती चव निर्माण करणारा हातही फार काळ उरत नाही.

म्हणून विविध चहा ओळखणे व त्यांचा आस्वाद घेणे ही केवळ वैयक्तिक हौस राहत नाही. खऱ्या सायीसारख्या गंधातील आणि मिसळलेल्या अर्कातील फरक जाणणारा ग्राहकच रात्रभर सूप हलविणाऱ्या कारागिराला आणि तुडतुड्यांसाठी मळा मोकळा ठेवणाऱ्या शेतकऱ्याला योग्य मोबदला देऊ शकतो. त्यासाठी नेहमीचा दुधाचा चहा सोडण्याची आवश्यकता नाही. एखाद्या निवांत दुपारी थोडी पाने, गरम पाणी आणि अवधान एवढेच पुरेसे आहे.