ब्लॉगलेखकाचा वाचक नेमका कोणाचा?

(प्रतिनिधी)

लेख लिहून झाला की ब्लॉगलेखकाचे काम संपते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात त्याच्या दिवसातील मोठा भाग त्यानंतर सुरू होतो. लेखाचा दुवा निरनिराळ्या समाजमाध्यमांवर टाकणे, तो किती जणांनी वाचला याचे आकडे पाहणे, प्रतिक्रियांना उत्तरे देणे आणि जाहिरातीचे प्रस्ताव घेऊन येणारी पत्रे निवडणे, या कामांत लेखनाइतकाच, किंबहुना अधिकच वेळ जातो. हौस म्हणून सुरू झालेल्या या लेखनप्रकाराभोवती गेल्या पंचवीस वर्षांत एक बाजारपेठ उभी राहिली आहे. तिचे व्यवहार कसे चालतात, लेखकाच्या हाती काय पडते आणि वाचकाने त्याकडे कसे पाहावे, याचा हा आढावा.

हौसेकडून व्यवसायाकडे

'वेबलॉग' हा शब्द १९९७ मध्ये वापरात आला आणि दोनच वर्षांत त्याचे 'ब्लॉग' असे सुटसुटीत रूप झाले. ऑगस्ट १९९९ मध्ये सुरू झालेल्या 'ब्लॉगर' या सेवेमुळे संगणकाची फारशी माहिती नसलेल्यांनाही स्वतःचे पान विनामूल्य उघडता येऊ लागले. फेब्रुवारी २००३ मध्ये गुगलने ही सेवा विकत घेतली. त्याच वर्षी 'वर्डप्रेस' ही लेखनप्रणाली आणि गुगलची 'ॲडसेन्स' ही जाहिरात योजना सुरू झाली. लिहिण्याची जागा आणि त्यातून पैसे मिळण्याची सोय, या दोन्ही गोष्टी अशा एकाच वेळी उपलब्ध झाल्या.

आयआयटी रुरकीचे संगणक अभियंता अमित अगरवाल यांनी २००४ मध्ये नोकरी सोडून आग्र्याहून 'डिजिटल इन्स्पिरेशन' हा तंत्रज्ञानविषयक ब्लॉग लिहिण्यास सुरुवात केली. भारतातील पहिले पूर्णवेळ व्यावसायिक ब्लॉगलेखक म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. अमेरिकेत हीदर आर्मस्ट्राँग यांनी २००१ मध्ये 'डूस' हा ब्लॉग सुरू केला. कार्यालयातील मंडळींविषयी त्यावर लिहिल्याने २००२ मध्ये त्यांची नोकरी गेली आणि ब्लॉगपायी नोकरी गमावण्याला इंग्रजी बोलीत त्यांच्या ब्लॉगचेच नाव पडले. पुढे २००४ मध्ये त्यांनी ब्लॉगवर जाहिराती घेण्यास प्रारंभ केला आणि काही काळातच त्या उत्पन्नावर त्यांचे कुटुंब चालू लागले.

मराठी ब्लॉगलेखकांची वाट मात्र वेगळी होती. युनिकोडमुळे देवनागरीत लिहिणे सुलभ झाले, लेखक वाढले, वाचकही मिळाले; परंतु ॲडसेन्स ज्या भाषांतील मजकुरावर जाहिराती देत असे, त्या यादीत मराठी बराच काळ नव्हती. हिंदीचा समावेशही डिसेंबर २०१४ मध्ये झाला आणि मराठीला त्यानंतर आणखी काही वर्षे थांबावे लागले. परिणामी, मराठी ब्लॉगची पहिली पिढी जवळपास पूर्णपणे हौसेवरच उभी राहिली.

आकड्यांची सकाळ

ब्लॉगलेखकाच्या दिवसाची सुरुवात बहुधा आकडेवारीने होते. काल किती जण आले, कोठून आले, किती वेळ थांबले, हे दाखवणारी साधने आज फुकट मिळतात. गुगलने २००५ मध्ये 'अर्चिन' ही कंपनी विकत घेतली, तिच्याच उत्पादनातून 'गुगल ॲनालिटिक्स' तयार झाले. एखाद्या दुव्याच्या शेवटी 'यूटीएम' या अक्षरांनी सुरू होणारे लांबलचक शेपूट दिसते, त्यातील 'यू' हे अक्षर त्या अर्चिनचेच. वाचक फेसबुकवरून आला की ई-मेलमधून, हे त्या शेपटामुळे कळते.

तरीही या आकड्यांतून सगळे उमगत नाही. व्हॉट्सॲपवर कोणी दुवा पाठवला आणि त्यावरून पन्नास माणसे आली, तर ती कोठून आली याचा पत्ता अनेकदा लागत नाही. आकडेवारीत ती 'थेट' आलेली म्हणून नोंदली जातात. मराठी लेखकांना तर याहून कटू अनुभव येतो. दुवा न पाठवता लेखाचा संपूर्ण मजकूरच उचलला जातो, खालचे नाव गळून पडते आणि काही दिवसांनी तोच लेख लेखकाच्या नातेवाइकांच्या गटात 'खूप छान, नक्की वाचा' अशा शिफारशीसह येऊन दाखल होतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५७ लेखकाला स्वतःच्या लेखनावर आपले नाव सांगण्याचा हक्क देते. परंतु हजारो खासगी गटांतून फिरणाऱ्या मजकुराच्या बाबतीत तो बजावणार कसा, हा प्रश्न उरतोच. लेख लाखभर लोकांनी वाचला तरी लेखकाच्या पानावरचा आकडा शंभराच्या आतच राहतो.

भाड्याच्या जागेतील दुकान

वाचकांपर्यंत पोहोचण्यासाठी समाजमाध्यमांचा आधार घेणे आज अपरिहार्य झाले आहे. तथापि ही जागा भाड्याची आहे, याचा विसर पडल्यास मोठा फटका बसतो. निरनिराळ्या ब्लॉगवरील नवे लेख एका ठिकाणी आणून देणारी 'गुगल रीडर' ही सेवा १ जुलै २०१३ रोजी बंद झाली आणि नियमित वाचकांचा एक हक्काचा मार्ग नाहीसा झाला. 'ऑर्कुट' ३० सप्टेंबर २०१४ रोजी, तर 'गुगल प्लस' एप्रिल २०१९ मध्ये बंद झाले. जून २०२० च्या अखेरीस भारतात 'टिकटॉक'वर बंदी आली. या प्रत्येक ठिकाणी कोणी ना कोणी कष्टाने चाहते जमवले होते. त्यांना सोबत घेऊन दुसरीकडे जाण्याची सोय मात्र कोणालाच नव्हती.

जागा बंद न होता तिचे नियम बदलले, तरी परिणाम तोच होतो. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने मित्र आणि कुटुंबीयांच्या नोंदींना प्राधान्य देण्याचे जाहीर केले. त्यामुळे पानांवरून प्रसिद्ध होणारा मजकूर मागे पडला. एखाद्या पानाला दहा हजार जणांनी पसंती दिली असली, तरी नवी नोंद त्या सर्वांना दिसत नाही; कोणाला काय दाखवायचे, हे संगणकीय गणित ठरवते. 'पैसे भरा, अधिक लोकांपर्यंत पोहोचा' अशी सूचना लेखकाला वरचेवर दिसते ती याच कारणाने. आपणच जमवलेल्या वाचकांपर्यंत जाण्यासाठी पुन्हा शुल्क मोजायचे, असा हा व्यवहार आहे.

वाचक आपल्याच आवारात राहावा, हा प्रत्येक समाजमाध्यमाचा हेतू असतो. इन्स्टाग्रामवर छायाचित्राखाली दिलेल्या दुव्यावर टिचकी मारता येत नाही, म्हणून 'दुवा परिचयात आहे' असे सांगावे लागते. फेसबुकवर अनेक लेखक दुवा मूळ नोंदीत न देता पहिल्या प्रतिक्रियेत देतात. दुवा असलेली नोंद कमी लोकांना दाखवली जाते, असा त्यांचा अनुभव आहे. अशा क्लृप्त्या शोधण्यात आणि त्या निकामी झाल्यावर नव्या शोधण्यात लेखकाचे तासन् तास खर्ची पडतात.

पैसा येतो कसा?

ब्लॉगवरील उत्पन्नाचे प्रमुख मार्ग तीन. पहिला मार्ग आपोआप दिसणाऱ्या जाहिरातींचा. पान उघडताच त्यावरील मोकळ्या जागेसाठी निमिषार्धात लिलाव होतो आणि सर्वाधिक बोली लावणाऱ्याची जाहिरात तेथे झळकते. गुगलने २०१० मध्ये जाहीर केल्यानुसार जाहिरातदाराच्या १०० रुपयांपैकी ६८ रुपये पान चालवणाऱ्याला मिळत. २०२४ पासून हिशेबाची पद्धत बदलली असली, तरी गुगलच्या स्वतःच्या जाहिरात यंत्रणेतून येणाऱ्या रकमेत लेखकाचा वाटा साधारण तेवढाच राहतो.

ऐकण्यास हे प्रमाण उत्तम वाटते. परंतु समजा, जाहिरात हजार वेळा दिसल्यावर लेखकाच्या पदरी ५० रुपये पडतात आणि महिन्यात ती दहा हजार वेळा दिसते, तर मासिक प्राप्ती ५०० रुपये होते. ॲडसेन्सची रक्कम खात्यात जमा होण्यासाठी किमान १०० डॉलर, म्हणजे नऊ हजारांच्या आसपास रुपये साठावे लागतात. या हिशेबाने पहिला हप्ता हाती येण्यास सुमारे दीड वर्ष लागेल.

दुसरा मार्ग दलालीचा. लेखात दिलेल्या विशिष्ट दुव्यावरून वाचकाने वस्तू खरेदी केली, तर विक्रीच्या किमतीतील काही टक्के लेखकाला मिळतात. 'ॲमेझॉन'ने ही पद्धत १९९६ मध्येच सुरू केली होती.

तिसरा मार्ग प्रायोजित लेखांचा. कंपनी पैसे किंवा वस्तू देते आणि लेखक तिच्याविषयी लिहितो. याच प्रकारात मोडणारे एक पत्र ब्लॉगलेखकाच्या टपालात वारंवार येते. 'आमचा तयार लेख आपल्या ब्लॉगवर प्रसिद्ध करा, त्यात एक दुवा ठेवा, मोबदला देऊ', असा त्यातील मजकूर असतो. येथे वाचकाशी कोणालाच कर्तव्य नसते. दुव्यांची संख्या पाहून शोधयंत्र एखाद्या संकेतस्थळाला वरचे स्थान देते, म्हणून हे दुवे विकत घेतले जातात. गुगलच्या नियमांनुसार पैसे घेऊन दिलेल्या दुव्यावर तशी तांत्रिक खूण असणे आवश्यक आहे. 'नोफॉलो' ही खूण २००५ मध्ये, तर 'स्पॉन्सर्ड' ही २०१९ मध्ये आली. ती न करणारे पान शोधात खाली ढकलले जाऊ शकते. चार पैशांसाठी केलेला हा सौदा त्यामुळे वर्षानुवर्षांचे कष्ट मातीमोल करू शकतो.

'फुकट' मिळालेल्या फोनची किंमत

परीक्षणासाठी आलेला फोन, हॉटेलातील मोफत मुक्काम, नव्या मसाल्यांची भेटपेटी या गोष्टी ब्लॉगलेखकाला आता नवीन नाहीत. असे काही स्वीकारल्यास ते वाचकाला सांगणे हा पूर्वी सौजन्याचा भाग मानला जाई. आता तो नियमाचा भाग आहे. जाहिरात क्षेत्राची स्वयंनियमन संस्था असलेल्या 'ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया'ने यासंबंधीची मार्गदर्शक तत्त्वे १४ जून २०२१ पासून लागू केली. त्यानंतर २० जानेवारी २०२३ रोजी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने स्वतंत्र मार्गदर्शिका प्रसिद्ध केली.

या मार्गदर्शिकेनुसार रोख रकमेइतकेच मोफत वस्तू, सवलत, सहल, इतकेच नव्हे तर कौटुंबिक वा नोकरीचे नातेही जाहीर करणे अपेक्षित आहे. हा उल्लेख सहज दिसेल असा हवा, हॅशटॅगच्या गर्दीत दडवलेला नसावा आणि ज्या भाषेत शिफारस केली त्याच भाषेत असावा. याचा अर्थ, मराठी लेखाच्या शेवटी बारीक इंग्रजी अक्षरांत एखादा शब्द टाकून भागणार नाही. 'ही जाहिरात आहे' असे मराठीतच सांगावे लागेल. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसे घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

प्राप्तिकराचाही संबंध येतो. व्यवसायाच्या ओघात मिळालेल्या लाभांचे मूल्य वर्षात २० हजार रुपयांहून अधिक असल्यास त्यावर १० टक्के दराने उद्गम करकपात करण्याचा नियम १ जुलै २०२२ पासून लागू झाला. परीक्षणानंतर फोन परत केला तर तो लाभ ठरत नाही; स्वतःकडे ठेवला तर ठरतो.

वाचकाचा विश्वास हेच भांडवल

कायद्याची भीती हा या प्रश्नाचा एक भाग झाला. त्याहून महत्त्वाचा भाग विश्वासाचा आहे. वाचक वृत्तपत्रातील जाहिरात जाहिरात म्हणूनच वाचतो. ब्लॉगलेखकाचे मत मात्र तो ओळखीच्या माणसाचा सल्ला म्हणून ऐकतो. जाहिरातदार पैसे मोजतो ते नेमके याच आपलेपणासाठी. साहजिकच प्रत्येक न सांगितलेल्या सौद्यागणिक ते भांडवल थोडे थोडे घटत जाते.

हीदर आर्मस्ट्राँग यांच्या वाटचालीत हा ताण स्पष्ट दिसतो. घर, संसार आणि मुलींविषयीच्या मोकळ्या लेखनाने त्यांना अफाट वाचकवर्ग मिळवून दिला. फोर्ब्सने २००९ मध्ये माध्यमांतील प्रभावी स्त्रियांच्या यादीत त्यांचा समावेश केला. पुढे मात्र केवळ जाहिरातींच्या चौकटी पुरेनाशा झाल्या आणि प्रायोजकाच्या उत्पादनाभोवती घरातले प्रसंग गुंफण्याची अपेक्षा होऊ लागली. २०१५ मध्ये त्यांनी पूर्णवेळ ब्लॉगलेखनातून माघार घेतली, त्यामागे या प्रायोजित लेखनाविषयीची अस्वस्थता हे एक कारण होते. मे २०२३ मध्ये वयाच्या ४७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. जे आयुष्य लिहून वाचक मिळवले, तेच आयुष्य वाचकांना विकण्यासाठी रचावे लागणे, हा पेच त्यांच्यापुरता मर्यादित नाही.

मग लेखकाने करावे काय? स्वतःच्या नावाचे संकेतस्थळ असावे आणि मूळ लेख तेथेच ठेवावा. समाजमाध्यमांचा उपयोग त्या पानाकडे येणारी वाट एवढाच करावा. इच्छुक वाचकांच्या ई-मेल पत्त्यांची यादी त्यांच्या संमतीने तयार करावी. कोणतेही समाजमाध्यम बंद पडले तरी ती लेखकाजवळच राहते. लेखांची प्रत वेळोवेळी स्वतःच्या संगणकावर उतरवून घ्यावी. आणि मोबदला घेतला असेल, तर तो लेखाच्या पहिल्या परिच्छेदातच सांगावा.

वाचकाकडूनही थोडी अपेक्षा आहे. लेख आवडल्यास मजकूर न उचलता दुवा पाठवावा आणि लेखकाचे नाव राहू द्यावे. एखाद्या वस्तूची स्तुती वाचताना तिच्या उणिवा कोठे सांगितल्या आहेत, हे अवश्य पाहावे. त्या मुळीच नसतील, तर ती शिफारस जपूनच स्वीकारलेली बरी. फुकट वाचायला मिळणाऱ्या लेखनाचीही किंमत कोणी ना कोणी चुकती करीत असते. ती कोण करीत आहे, हे जाणून घेण्याचा वाचकाला पुरेपूर अधिकार आहे.