जुन्या ट्रॅक्टरच्या वंगणतेलात पाणी उतरणे : कारणाचा शोध कसा घ्यावा

ट्रॅक्टरच्या इंजिनात पाणी आणि वंगणतेल यांचे मार्ग अगदी जवळून जातात. तथापि ते एकमेकांत मिसळू नयेत अशीच इंजिनाची रचना असते. जुन्या इंजिनात ही व्यवस्था कोठेतरी निकामी होते व रेडिएटरातील पाणी तेलाच्या चेंबरात उतरू लागते. पाणीमिश्रित तेल बेअरिंगांचे रक्षण करू शकत नाही. हाती घेतलेली नांगरणी पुरी करण्याच्या मोहाने इंजिन चालू ठेवल्यास, एका रबरी रिंगेवर भागणारी दुरुस्ती क्रँकशाफ्टपर्यंत जाऊन पोचते. यास्तव लक्षण दिसताच इंजिन बंद करावे.

लक्षणे

तेल न घालताही पट्टीवरील पातळी वाढते. तेलास दूध घातलेल्या चहासारखा रंग येतो. बाहेर कोठेही गळती नसताना रेडिएटरातील पाणी कमी होते.

येथे दोन बाबतींत गफलत होण्याचा संभव असतो. थंडीच्या दिवसांत इंजिन थोडाच वेळ चालविले असता, तेल ओतण्याच्या झाकणाखाली पांढरट साय जमते. पट्टीवरील तेल स्वच्छ असेल व इंजिन चांगले तापेपर्यंत काम केल्यावर साय नाहीशी होत असेल, तर तो केवळ दमटपणा होय. दुसरे असे की, डिझेल तेलात उतरल्यासही पातळी वाढते. परंतु तेल काळेच राहून पातळ होते व त्यास डिझेलचा वास येतो.

पाण्याची खात्री

ट्रॅक्टर रात्रभर सपाट जागी उभा ठेवावा. पाणी तेलापेक्षा जड असल्याने तळाशी बसते. सकाळी चेंबरचा बूच हळूहळू सैल करून पहिली धार काचेच्या बरणीत घ्यावी. पाणी वेगळे न दिसल्यास त्या तेलाचे एकदोन थेंब तापलेल्या लोखंडी पत्र्यावर टाकावेत. तडतड झाल्यास तेलात पाणी आहे असे समजावे. हे करताना चेहरा दूर ठेवावा.

पाण्याचा मार्ग

पुष्कळदा हेड गॅसकेट बदलले जाते आणि पाणी उतरतच राहते. ह्याचे कारण असे की, मार्ग न शोधताच इंजिन खोललेले असते. गॅसकेट, हेड वा ब्लॉकमधील भेग, तसेच ओल्या लायनरच्या तळाचे पॅकिंग हे प्रमुख मार्ग होत. ज्या लायनरच्या बाहेरील अंगास पाणी प्रत्यक्ष लागते तो ओला लायनर. १९४६ ते १९५६ या काळात तयार झालेल्या फर्ग्युसन टीई-२० ट्रॅक्टरात असेच लायनर होते. कोरड्या लायनरच्या इंजिनात हे पॅकिंग नसते. म्हणून आपले इंजिन कोणत्या प्रकारचे आहे हे प्रथम पाहावे.

इंजिन थंड असताना तेल काढून मिस्त्रीकडून चेंबर उतरवून घ्यावा. काही ट्रॅक्टरांत चेंबर हा सांगाड्याचाच भाग असतो; तेथे भक्कम आधार दिल्याविना त्यास हात लावू नये. नंतर रेडिएटर भरून हातपंपाने दाब द्यावा. हा दाब झाकणासाठी ठरविलेल्या मर्यादेपेक्षा अधिक नसावा. काही वेळाने खालून उजेड धरून पाहावे :

१. लायनरच्या बाहेरून, तळाशी थेंब आल्यास तेथील पॅकिंग निकामी झाले आहे.
२. सिलिंडरच्या आतून, पिस्टनच्या बाजूने पाणी आल्यास गॅसकेट, हेडची भेग किंवा लायनरला पडलेले छिद्र यांचा संशय घ्यावा.
३. पुश-रॉडच्या बाजूने पाणी उतरल्यास गॅसकेट अथवा हेड व ब्लॉकमधील भेग तपासावी.

सिलिंडरात पाणी साचल्याचा संशय असल्यास स्टार्टर मारू नये. पाणी दाबले जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी नोझल काढून इंजिन हाताने फिरवावे.

दुरुस्तीनंतर

हेड काढल्यास त्याचा पृष्ठभाग सपाट असल्याची खात्री करावी व बोल्ट पुस्तिकेतील क्रमाने आणि मापाने आवळावेत. चेंबर व तेलाचे मार्ग स्वच्छ करून नवे तेल व फिल्टर घालावा. थोडा वेळ इंजिन चालवून दोन्ही पुन्हा बदलावेत. काढलेले तेल शेतात वा विहिरीजवळ ओतू नये.

रेडिएटरात क्षारयुक्त पाणी न घालता स्वच्छ पाणी व गंजरोधक कूलंट वापरावे आणि तापलेल्या इंजिनात थंड पाणी कधीही ओतू नये. रोज सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी तेलाची पट्टी व रेडिएटर पाहण्याची सवय ठेवल्यास हा दोष पहिल्याच दिवशी लक्षात येतो व मोठा खर्च टळतो.