‘बारामती’च्या सहा दांड्या

‘बारामती’ हा शब्द ठळक अक्षरांत लिहून बघा. ब, म आणि त यांच्या तीन दांड्या, दोन काने, शेवटच्या वेलांटीची एक, अशा उभ्या दांड्या होतात सहा. शेजारच्या ‘इंदापूर’मध्ये पूर्ण उंचीच्या दोनच, पण डोक्यावर अनुस्वार आणि पायाशी ऊकार. एका गावाला आडवी जागा जास्त लागते, दुसऱ्याला उभी. जुन्या पेंटरला हे हातानेच कळायचं. तो आधी दांड्या आखून घ्यायचा, मग अक्षरांची पोटं भरायचा.

एमआयडीसीच्या रस्त्यावरच्या फ्लेक्सवर आता वेगळंच दिसतं. लांबलचक नाव मावेना, की अक्षरं कडेला धरून दाबली जातात. दांड्या रोडावतात, शिरोरेषा मात्र होती तेवढीच जाड राहते. अक्षर जिच्यावर उभं, तीच रेघ कमजोर! सगळ्यात हाल ‘ब’चे. पोटातली तिरकी रेघ बुजते आणि बारामतीचा ब लांबून व वाटू लागतो.

अरुंद ठळक टाइप दाबून होत नाही, तो नव्याने काढावा लागतो. दांडी जाडच ठेवायची, पोट आवळायचं, शिरोरेषा हलकी करायची आणि रेघा जिथे मिळतात तिथे त्या निमुळत्या करायच्या. र मुळातच सडपातळ, तो निभावतो. अ, ख, झ यांच्यासाठी मात्र घाम गाळावा लागतो.

पोस्टरसाठी अशी धष्टपुष्ट अक्षरं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये आली. तिथल्याच फॅन स्ट्रीट फाउंड्रीचा ‘क्लॅरेंडन’ टाइप १८४५चा. शिशाचे मोठे खिळे जड आणि महाग, म्हणून अमेरिकेत डेरियस वेल्स यांनी १८२७मध्ये लाकडी खिळे यंत्राने कोरायला घेतले. पण हे सगळं रोमन लिपीचं; तिच्या अक्षरांच्या टोकांना असतो तो सेरिफ देवनागरीत नाही. आपला जाड-बारीकपणा बोरूच्या तिरप्या कापातून आला.

मराठीत पुस्तकाचं अक्षर घडवलं जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने. पण मोठ्या, नजर खेचणाऱ्या शीर्षकांचं श्रेय मी हाताने अक्षरं काढणाऱ्यांनाच देईन. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींत, वर्तमानपत्राच्या चिंचोळ्या जागेत, प्रत्येक नावाला स्वतःचा चेहरा दिला. २०२०मध्ये ते गेले. त्यांचं एकही शीर्षक दाबून बसवल्यासारखं वाटत नाही.

आज तयार टाइपही मिळतात. इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘रोझा वन’ जाड दांड्या आणि नाजूक जोडण्यांचा, जुन्या पोस्टरच्या वळणाचा. ‘खंड’ अरुंद, पण साध्या रेघांचा. दोन्ही मोफत आहेत. २०२२च्या कायदा-दुरुस्तीनुसार दुकानांच्या पाट्यांवर मराठी अक्षरं इतर भाषांतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत, त्यामुळे आखूड पाटीवर अरुंद ठळक अक्षरांची गरज आणखीच वाढली आहे. छपाईला देण्याआधी कागदावर नमुना काढावा, भिंतीला लावावा आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन ‘ब’च्या पोटातली रेघ दिसते का, तेवढं पाहावं.