नववीची फी

महागड्या खाजगी शाळांविषयी आपल्या चळवळीत दोन टोकांची मते ऐकू येतात. पहिले मत असे की, ही धनिकांची दुनिया. तिच्याशी आपला संबंध काय? आपण जिल्हा परिषदेची आणि नगरपालिकेची शाळा टिकवावी, म्हणजे झाले. दुसरे मत असे की, सत्तेची भाषा आणि सत्तेचे शहाणपण तिथेच शिकवले जाते. तेव्हा पोटाला चिमटा घेऊन का होईना, आपली पोरे तिथे बसवली पाहिजेत. दोन्ही मतांमागची तळमळ खरी आहे. परंतु या शाळांचा खर्च प्रत्यक्षात कोण उचलतो, आणि उचलूनही दाराबाहेर कोण राहतो, या प्रश्नाला दोन्ही बाजू बगल देतात. मी अनुदानित माध्यमिक शाळेत शिकवून निवृत्त झालो आहे, आणि आमच्या वस्तीतल्या विहारात संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालवतो. तिथे बसून या प्रश्नाची जी उकल मला झाली ती येथे मांडतो.

प्रश्न जुना आहे. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले, त्याचा गाभाच हा होता की सरकारी तिजोरी भरतो शेतकरी, आणि त्या तिजोरीतून शिक्षण मिळते वरच्या वर्गाच्या मुलांना. त्याच सुमारास राजकोटचे राजकुमार कॉलेज आणि १८७५ साली स्थापन झालेले अजमेरचे मेयो कॉलेज संस्थानिकांच्या पोरांना राज्य कसे करावे याचे धडे देत होते. १९३५ साली डेहराडूनला डून स्कूल उघडले. संस्थानिकांच्या जागी उच्चपदस्थ आणि उद्योगपती आले, साचा तोच राहिला. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी हिशेबच मांडला होता: हायस्कुलांच्या खर्चापैकी ३१ टक्के रक्कम फीमधून वसूल होते, म्हणजे सरकारने शिक्षणाचा व्यापार मांडला आहे, जे खालचे वर्ग नुकतेच शाळेच्या पायरीशी आले आहेत, त्यांच्यासाठी शिक्षण शक्य तितके स्वस्त असले पाहिजे. ३१ टक्क्यांना त्यांनी व्यापार म्हटले. आजच्या विनाअनुदानित शाळेत शंभर टक्के खर्च आणि त्यावरची शिल्लकही फीमधूनच उभी राहते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. बाबासाहेब ज्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून १९०७ साली मॅट्रिक झाले ते सरकारी हायस्कूल होते. मुंबईतले एक नामांकित हायस्कूल त्या काळी सरकार चालवीत होते! तिथे अस्पृश्याच्या मुलाला फळ्यापर्यंत जायला सन्मानाने वाट नव्हती हे खरे. पण दारावर लाखाची पाटीही नव्हती. कोठारी आयोगाने (१९६४–६६) सर्वांसाठी समान शाळा आणि शेजारशाळा यांची शिफारस केली. १९६८ च्या धोरणाने ती तोंडदेखली मान्य केली आणि राज्यकर्त्या वर्गाने आपली मुले निमूटपणे दुसरीकडे घातली. सरकारी शाळा बिघडली म्हणून हा वर्ग तिच्यातून गेला असे सांगतात. माझ्या मते तो गेला म्हणून ती बिघडायला मोकळी झाली.

आता खर्चाकडे वळू. केंद्र सरकारच्या २०२५ च्या शिक्षणविषयक नमुना सर्वेक्षणानुसार सरकारी शाळेतल्या एका विद्यार्थ्यामागे कुटुंबाला वर्षाला सरासरी २,८६३ रुपये खर्च येतो, तर बिगरसरकारी शाळेत २५,००२ रुपये. यातला दुसरा आकडा गल्लीतल्या स्वस्त ‘इंग्लिश स्कूल’ला धरून काढलेला आहे. अभिजनांच्या शाळेचा आकडा वेगळाच. मुंबई-पुण्याच्या चांगल्या म्हणवणाऱ्या शाळेत माध्यमिक वर्गाची फी लाखाच्या आसपास किंवा पुढे असते. आंतरराष्ट्रीय मंडळाच्या शाळेत ती काही लाखांत जाते. डूनसारख्या निवासी शाळेत वर्षाला दहा लाखांच्याही वर. फीखेरीज अनामत, टर्म फी, बस, ठरलेल्या दुकानातलाच गणवेश, खाजगी प्रकाशकांची पुस्तके, सहल आणि स्नेहसंमेलनाचे कपडे. डोनेशनवर महाराष्ट्रात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे. म्हणून त्याची पावती मिळत नाही, इतकेच.

‘ज्याच्याकडे पैसा आहे तो खर्च करील, तुमच्या खिशातून काय जाते?’ असे एक सभ्य उत्तर नेहमी मिळते. जाते! या शाळा कायद्याच्या भाषेत धर्मादाय न्यास असतात. न्यासाने अटी पाळल्या की त्याचे उत्पन्न आयकरातून सुटते. अनेक शाळांची मैदाने आणि इमारती सरकारने किंवा नगरनियोजनाच्या संस्थांनी सवलतीच्या दराने दिलेल्या भूखंडांवर उभ्या आहेत. आयकराच्या जुन्या पद्धतीत पगारदार पालकाला दोन मुलांच्या शिक्षण शुल्कावर ठरावीक मर्यादेत वजावट मिळते; मजुराला आयकरच नाही, तेव्हा वजावट कुठून? वस्तू व सेवा कराचे उदाहरण तर मासलेवाईक आहे. १ जुलै २०१७ ला हा कर आला तेव्हा बारावीपर्यंतच्या शाळेची फी करमुक्त राहिली, मग ती दहा लाख का असेना. आणि पोराच्या वहीवर १२ टक्के कर लागला. तो २२ सप्टेंबर २०२५ ला शून्यावर आला. आठ वर्षे नगरपालिकेच्या शाळेतले पोर वही घेताना कर भरीत होते आणि लाखांची फी भरणारा त्या फीवर एक पैसाही कर देत नव्हता. फुल्यांनी मांडलेली तिजोरीची गोष्ट हीच.

म्हणून २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातले १२ वे कलम ही कुणी घातलेली भीक समजू नये. खाजगी विनाअनुदानित शाळेने पहिलीच्या, किंवा पूर्वप्राथमिक वर्ग असल्यास त्या प्रवेशाच्या, २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतल्या मुलांना द्याव्यात, आणि सरकारने तिला पैसे भरून द्यावेत, असे ते कलम सांगते. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या मुलाला यासाठी उत्पन्नाची अटही नाही. भरपाई किती? शाळेची प्रत्यक्ष फी किंवा सरकारचा स्वतःचा दर मुलामागचा खर्च, यातले जे कमी असेल तेवढी. महाराष्ट्रात हा दर वर्षाला १७,६७० रुपये ठरला, कोरोनाच्या काळात तो ८,००० वर आणला गेला. शाळा म्हणतात, हे परवडत नाही. वर ही रक्कम वर्षानुवर्षे थकते. थकते हे खरे आहे. त्याचा वचपा मात्र शाळा मंत्रालयावर काढीत नाहीत; स्नेहसंमेलनात मागे उभे केलेल्या, संगणकाच्या तासाला बाहेर बसवलेल्या मुलावर काढतात. अभ्यासवर्गातल्या मुलांकडून अशा हकिकती मी किती ऐकल्या, त्यांची मोजदाद नाही.

या दारालाही खिडक्या कमी नाहीत. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने हे कलम उचलून धरले, पण विनाअनुदानित अल्पसंख्याक संस्थांना वगळले. २०१४ साली सर्वच अल्पसंख्याक संस्थांना वगळले. मोठ्या शहरांतल्या जुन्या, नामांकित कॉन्व्हेंट शाळा अशा सुटल्या. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात दोन न्यायमूर्तींच्या पीठाने या भूमिकेविषयी शंका घेऊन प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा असे म्हटले. दुसरी खिडकी अशी की, कलमातला प्रवेश हा सुरुवातीच्या वर्गाचा. डूनसारखी शाळा सातवीपासून सुरू होते, तिला पहिलीच नाही, मग २५ टक्के कशाचे? आणि ९ फेब्रुवारी २०२४ ला महाराष्ट्र सरकारने अधिसूचना काढली की, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला हे बंधन नाही. शहरात एक किलोमीटरमध्ये अशी शाळा नाही असे ठिकाण शोधूनच काढावे लागेल. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात तिला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ ला ती रद्द केली. पालक आणि संघटना कोर्टात गेल्या नसत्या तर कलम कागदावर राहून दार भिंतीत गेले असते.

तथापि या सर्वांहून मोठा अडसर कायद्याच्या पोटातच आहे. संविधानाचा २१-अ हा अनुच्छेद (२००२ ची ८६ वी दुरुस्ती) आणि त्यावर उभा असलेला हा कायदा ६ ते १४ वयाचा, म्हणजे आठवीपर्यंतचाच विचार करतो. नववीत मूल गेले की हक्क संपतो, ग्राहकपण सुरू होते. २०१२-१३ साली पहिलीत बसलेले मूल २०२०-२१ साली नववीत आले; टाळेबंदीत ज्या घरांची मजुरी आधी गेली त्याच घरांत फीचा कागद पोचला. तेव्हापासून दर जूनमध्ये एकेक तुकडी या उंबरठ्यावर येते.

दोन वर्षांपूर्वी अभ्यासवर्गात एक आई अशीच कागद घेऊन आली. ती चार घरची भांडी करते, नवरा रंगकामावर जातो. मुलगा आठवी पास, वर्गात पहिल्या पाचांत. कागदावर नववीची फी होती ८४,००० रुपये, दोन हप्त्यांत.

“सर, आठ वर्षं फी नव्हती. आता एकदम एवढी कशी काय?” तिने विचारले.

मी कायदा समजावून सांगितला. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, “म्हणजे दहावी आमच्यासाठी नाहीच म्हणा की.”

मी जवळच्या अनुदानित शाळेचे नाव सांगितले. तिथे फी नगण्य आहे, मी शिक्षकांनाही ओळखतो. मुलगा आतापर्यंत गप्प होता; तो म्हणाला, “सर, तिथं सायन्स मराठीत आहे.” मी त्याला प्रकाशसंश्लेषण म्हणजे काय विचारले. त्याला शब्द माहीत नव्हता. ‘फोटोसिंथेसिस’ म्हटल्यावर त्याने सगळी क्रिया समीकरणासह सांगितली. आठ वर्षे ज्या भाषेत त्याला विचार करायला शिकवले, ती भाषाच आता फीच्या बदल्यात विकत घ्यायची होती. फुकटची शाळा उपलब्ध होती. तिच्यापर्यंत जायचा पूल नव्हता. या मुलाने शेवटी अनुदानित शाळेत नाव घातले आणि पहिले वर्ष तो गणित सोडून सर्व विषयांत चाचपडत राहिला. त्याच्याबरोबरच्या एका मुलीच्या घरच्यांनी बचत गटाचे कर्ज काढून पहिला हप्ता भरला. दुसरा थकला तेव्हा शाळेने प्रगतिपुस्तक अडवले.

अशा वेळी शासन काय देते? नववी-दहावीच्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती आहे. पालकांचे उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असले तर घरून शाळेत जाणाऱ्याला वर्षाला ३,५०० रुपये. महिन्याला तीनशेही पडत नाहीत. ८४,००० च्या फीपुढे ही रक्कम बसभाड्यालाही पुरत नाही. दुसरीकडे त्याच केंद्र सरकारची ‘श्रेष्ठ’ नावाची योजना आहे: राष्ट्रीय प्रवेश परीक्षा घेऊन अनुसूचित जातीची हुशार मुले निवडायची, त्यांना नावाजलेल्या खाजगी निवासी शाळांत नववीत आणि अकरावीत घालायचे, आणि फी व वसतिगृह मिळून नववीसाठी एक लाखापर्यंत, बारावीसाठी १,३५,००० पर्यंत रक्कम शाळेला द्यायची. सबंध देशासाठी जागा सुमारे ३,०००. २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जातींची लोकसंख्या २० कोटींच्या वर होती. ज्यांना जागा मिळते त्यांनी ती जरूर घ्यावी, आणि आपल्या वर्गातल्या मुलांचे अर्ज भरून घेणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. पण या योजनेने एक गोष्ट नकळत कबूल केली आहे: चांगल्या माध्यमिक शिक्षणाला लाखभर रुपये लागतात हे शासनाला ठाऊक आहे, आणि ३,५०० रुपयांना काय मिळते हेही ठाऊक आहे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. चांगली माध्यमिक शाळा सरकारला चालवताच येत नाही, हा खाजगीवाल्यांचा लाडका सिद्धान्त खोटा आहे. १९८५-८६ साली झज्जर आणि आपले अमरावती येथे पहिली नवोदय विद्यालये निघाली. सहावी ते बारावी, निवासी, बहुसंख्य जागा ग्रामीण मुलांना, आणि अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण. सरकारने मनावर घेतले तर काय होते याचा तो पुरावा आहे. जिल्ह्याला सामान्यतः एकच, हा त्याचा दोष.

फी वाढते त्या वेळी पालकाने जायचे कुठे? महाराष्ट्राचा शुल्क विनियमनाचा कायदा २०११ चा, अमलात आला २०१४ साली. शाळेची फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे मांडून ठरवावी लागते. समितीत पालक चिठ्ठ्या टाकून निवडले जातात. कागदावर हे उत्तम. पण पुढे झालेल्या दुरुस्तीने तक्रारीला किमान २५ टक्के पालकांची सही लागते असे केले. आता हिशेब पाहा. नववीत आलेल्या आपल्या मुलांचे पालक सगळे एकत्र आले आणि एकही गळाला नाही, तरी ते जेमतेम वर्गाच्या चौथाईइतके भरतात. आणि सही लागते शाळेतल्या पालकांच्या चौथाईची. उरलेले पालक फी परवडते म्हणूनच तिथे आलेले असतात.

म्हणून आठवीच्या मुलांचे पालक जूनची वाट पाहत बसू नयेत. आम्ही वस्तीत एवढे करतो: जानेवारीतच शाळेकडून नववीच्या मंजूर फीचे पत्रक लेखी मागतो, कार्यकारी समितीच्या ठरावाची प्रत मागतो, मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्तीसाठी जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला तयार ठेवतो, ‘श्रेष्ठ’चा अर्ज भरून घेतो. ज्या मुलांना मराठी माध्यमात जावे लागणार आहे त्यांना सातवीपासून विज्ञान आणि इतिहासाचे मराठी शब्द शिकवतो. हे मलमपट्टीचे काम आहे याची आम्हाला जाणीव आहे. मूळ मागणी १२ व्या कलमाची मर्यादा आठवीवरून बारावीपर्यंत नेण्याची. २०१९ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या मसुद्यात हक्काचा कायदा ३ ते १८ वयापर्यंत वाढवण्याची शिफारस स्पष्ट शब्दांत होती. २०२० च्या अंतिम धोरणात ३ ते १८ वयाची भाषा उरली, कायद्याचे बंधन गळाले. शिक्षण हा समवर्ती सूचीतला विषय आहे, तेव्हा दिल्लीकडे बोट दाखवून मुंबईचे सरकार मोकळे होऊ शकत नाही. आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक खाजगी शाळेत २५ टक्क्यांतून पहिलीत आलेल्या मुलांपैकी किती जण त्याच शाळेतून दहावीला बसले, ही यादी शिक्षणाधिकाऱ्याकडून माहितीच्या अधिकारात मागवता येते. अर्जाला दहा रुपयांचा मुद्रांक लागतो.